ही गाडी कुणाची?

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पुरी केली आहेत, बाकी फारसा बदल नाही.)



संयोजकांनी मला भूजलावर बोलायला सांगितलं होतं. जमिनीखालच्या पाण्यातलं आर्सेनिक हा माझा कामाचा विषय, आणि त्यावर मी तासभर सहज बोलू शकते. पण मी त्यांना विनंती करून विषय बदलून घेतला. आज मी हॉटेलातून विमानतळावर सोडणाऱ्या शटलबद्दल बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटायचा.

हर्नडन तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुमच्यातले काही जण इथेच राहतात. काहींनी वाय-टू-केच्या लाटेत आल्यावर पहिलं अपार्टमेंट इथल्याच एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये तिघांत मिळून घेतलं होतं. पंचवीस हजारांच्या आत-बाहेर वस्तीचं हे गाव, पण डलेस विमानतळ शेजारी असल्यामुळे हॉटेलं भरपूर. मी इथे येते ती शेजारच्या रेस्टनमुळे. तिथे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आहे आणि आमच्यासारख्यांना वर्षातून एकदोनदा तिथल्या बैठकांना यावं लागतं. रेस्टनपेक्षा हर्नडनचं हॉटेल थोडं स्वस्त पडतं, आणि विमानतळाचं शटल फुकट असतं.

गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. परतीचं विमान सकाळी सहा दहाचं होतं. सिल्व्हर लाइन मेट्रो १५ नोव्हेंबर २०२२ पासून हर्नडनहून थेट डलेसला जाते, मध्ये फक्त एक स्टेशन. पण पहिली गाडी पाचच्या पुढे, म्हणजे माझ्या उपयोगाची नाही. आदल्या रात्री रिसेप्शनवरच्या कागदावर मी नाव, खोली क्रमांक आणि 'माणसं : एक' असं लिहून चार पंधराच्या शटलमध्ये जागा धरली.

शटल चार चोवीसला आलं. बारा माणसांची व्हॅन. ती एकट्या आमच्या हॉटेलची नव्हती, तीन हॉटेलांत मिळून एक होती. हे मला तेव्हाच कळलं. चालक साधारण पन्नाशीचा, मितभाषी, बहुधा इथिओपियाचा. 'बहुधा' म्हणते, कारण मी विचारलं नाही. दुसऱ्या हॉटेलपाशी विमान कंपनीचे दोन कर्मचारी, एक विक्रेता वाटणारा गृहस्थ आणि आणखी एक-दोघं चढले. तेवढ्यात हॉटेलच्या मागच्या दाराने एक बाई आली. कोटाखाली कामाचा निळसर झगा दिसत होता. तिने चालकाला स्पॅनिशमध्ये काहीतरी अभिवादन केलं आणि दाराजवळच्या एकट्या सीटवर, जणू ती तिचीच जागा आहे अशी, जाऊन बसली.

तिसऱ्या हॉटेलपाशी चौघांचं कुटुंब उभं होतं, मोठ्या बॅगांसकट. जागा तीनच. चालक म्हणाला, मी वीस मिनिटांत परत येतो. कुटुंबप्रमुखाला ते पटलं नाही आणि ते बरोबरच होतं, त्यांनी रीतसर कागदावर नावं लिहिली होती. मागून कुणीतरी विचारलं, "ही बाई हॉटेलची पाहुणी आहे का?" कुणीच काही बोललं नाही. चालकाने आरशात पाहिलं. मग मी, अतिशय सभ्यपणे, चेहऱ्यावर हसू ठेवून म्हटलं, "आपण निघू या का? माझं विमान सहा दहाचं आहे."

एवढंच. मी तिला उतरा म्हटलं नाही. पण ती उठली, चालकाच्या खांद्याला हात लावून काहीतरी बोलली, आणि उतरली. कुटुंब आत आलं. बाहेर तापमान शून्याखाली होतं. ही हकिगत सुरुवातीला मी दोन-तीन जणांना सांगितली तेव्हा 'मी मागे वळून पाहिलं नाही' असं सांगत असे. खरं म्हणजे मी पाहिलं होतं. पार्किंगच्या दिव्याखाली ती टोपी डोक्यावर ओढून घेत होती.

डलेसला पोचल्यावर चालकाने प्रत्येकाच्या बॅगा उतरवल्या. मी दोन डॉलर दिले. (आपल्यातल्या अनेकांना 'कॉम्प्लिमेंटरी' या शब्दाचा अर्थ 'टिप द्यायची नाही' असा वाटतो, त्या मानाने मी उदार.) सुरक्षा तपासणी झाली, मोबाइल लाउंजमधून डी कॉन्कोर्सला गेले, आणि तिथे फलक म्हणत होता की विमान पंचावन्न मिनिटं उशिरा सुटेल.

हा मोबाइल लाउंज तुम्हाला माहीत आहे. चाकांवरची अवाढव्य खोली. वास्तुविशारद ईरो सारिनेन यांनी डलेसचा आराखडा करताना मांडलेली कल्पना अशी की, प्रवाशाने विमानापर्यंत पायपीट का करायची? बसण्याची खोलीच विमानापाशी न्यावी. १९६२ साली विमानतळ सुरू झाला तेव्हा या गाड्या म्हणजे भविष्यकाळच होता. प्रवाशाच्या पायांचा एवढा विचार! त्याच जागेवर पूर्वी विलर्ड नावाची वस्ती होती, मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांची. १९५८ साली जागा निश्चित झाली आणि त्या लोकांना उठावं लागलं. हे मला नंतर वाचून कळलं. त्या दिवशी मी फक्त घड्याळ बघत होते.

आणि पंचावन्न मिनिटं मोकळी मिळाली म्हणून मी फोन उघडला. हॉटेलची मेल आली होती : आमची सेवा कशी वाटली? दोन मिनिटं द्या. मी दिली. वक्तशीरपणाला दोन तारे. चालकाच्या वागणुकीला दोन तारे. खाली मोकळ्या चौकटीत लिहिलं : 'चार पंधराचं शटल उशिरा आलं. चालक हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना बसवून घेतो, त्यामुळे पाहुण्यांना जागा उरत नाही.' स्पेलिंग तपासलं, बटण दाबलं आणि कॉफी आणायला गेले.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. आभार वगैरे झाल्यावर शेवटचं वाक्य होतं : संबंधित चालकावर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.

'संबंधित.' हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. आता थोडं घरचं सांगते.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. आम्ही कराड तालुक्यातले. पहाटेची ड्यूटी असली की आई साडेतीनला चूल पेटवायची. तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल या तीन वस्तूंना घरात कुणी हात लावायचा नाही. बसमध्ये लिहिलेलं असायचं की तक्रार पुस्तक वाहकाजवळ मिळेल. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याकडूनच वही मागून घ्यायची. लहानपणी मला हा विनोद वाटायचा.

तक्रारी यायच्या. बस थांब्यावर थांबवली नाही. सुटे पैसे दिले नाहीत. उद्धट बोलले. काही खऱ्या असत. अण्णा काही संत नव्हते, आणि शंभरावर माणसं कोंबलेल्या बसमध्ये दिवसभर उभं राहिल्यावर संतसुद्धा सुट्या पैशांवरून भांडेल. तक्रार आली की आठ-दहा दिवसांनी मेमो यायचा : 'संबंधित वाहकाने आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा.' तो खुलासा मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी आठवीत होते. अण्णा जेवून भिंतीला टेकून बसायचे आणि सांगायचे, मी लिहायचे. 'सदर दिवशी गाडीत प्रवासी क्षमतेपेक्षा जास्त होते. सदर थांब्यावर उतरणारे कोणी नव्हते. मागून दुसरी गाडी येत असल्याने...' असे तीन वर्षांत मी सात-आठ खुलासे लिहिले असतील. एकदा दंड झाला, एकदा समज मिळाली, बाकी वेळा प्रकरण मिटलं. एकदा तर तक्रारदार मास्तरच घरी येऊन चहा पिऊन गेले.

मेलमधलं ते वाक्य वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच सुचलं : खुलासा कुठे आहे? कारवाई झाली म्हणता, तर त्या माणसाला काही विचारलंत का?

मी हॉटेलला फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने व्यवस्थापकांना जोडून दिलं. ते म्हणाले, चालक आमचा नोकर नाही, शटलचं काम आम्ही बाहेर दिलेलं आहे. मी त्या कंत्राटदाराचा नंबर मागून घेतला आणि तिथे फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, आमचे चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत. हॉटेलकडून तक्रार आली तर आम्ही त्यांना त्या मार्गावरच्या फेऱ्या देत नाही, एवढंच. मी म्हटलं, मला तक्रार मागे घ्यायची आहे. त्या म्हणाल्या, तशी सोय नाही, पण तुम्ही नवा फीडबॅक देऊ शकता. मग मी पुन्हा हॉटेलला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी तीच होती. तिने आवाज खाली करून सांगितलं की ती बाई शेजारच्या हॉटेलच्या लाँड्रीत रात्रपाळी करते आणि पाचला विमानतळावरच्या एका दुकानात तिची दुसरी नोकरी सुरू होते. त्या वेळी बस नाही, मेट्रो नाही. तो चालक जागा असली की तिला नेत असे. वर्षभर तरी नेत असेल.

म्हणजे व्हॅन कुणाची? हॉटेल म्हणतं कंत्राटदाराची, कंत्राटदार म्हणतो चालकाची. आणि चालकाला मात्र एका रिकाम्या सीटवर कुणाला बसवायचं हे ठरवण्याचा अधिकार नाही. मग गाडी त्याची कशी?

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेत त्यावर वर्षानुवर्षं खटले चाललेले आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातला एक गाजलेला निकाल विमानतळाच्या शेअर शटलचाच आहे. सुपरशटलच्या निळ्या व्हॅन तुम्हाला आठवत असतील. चार अनोळखी माणसं, चार पत्ते, एक गाडी. टेक्सासमधल्या डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर २००५ पर्यंत या कंपनीचे चालक पगारी नोकर होते आणि व्हॅन कंपनीची होती. मग पद्धत बदलली. चालकाने कंपनीला हवी तशी व्हॅन स्वतः आणायची, कंपनीला दर आठवड्याला ठराविक रक्कम भरायची आणि 'फ्रँचायझी' व्हायचं. नाव उद्योजकाचं, पण तिकिटाचा दर कंपनी ठरवणार. २०१० साली एका कामगार संघटनेने या चालकांच्या वतीने राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे अर्ज केला. जानेवारी २०१९ मध्ये मंडळाने निकाल दिला की हे चालक कामगार नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. व्हॅन त्यांची, वेळ त्यांची, कमाईही त्यांची, म्हणून ते उद्योजक. सबब त्या कायद्याखाली त्यांना संघटनेचा हक्क नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर २०१९ ला, सुपरशटलने निळ्या व्हॅनची सेवा थांबवली. पुढे ते नाव वेगळ्या रूपात परत आलं, पण ज्यांनी स्वतःच्या पैशाने व्हॅन घेतल्या होत्या त्या 'उद्योजकां'च्या दारात व्हॅन उभ्या राहिल्या, हे त्या निकालाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं आहे. जून २०२३ मध्ये मंडळाने दुसऱ्या एका प्रकरणात ही भूमिका बदलली. ते प्रकरण होतं अटलांटा ऑपेराच्या रंगभूषाकारांचं आणि केशभूषाकारांचं. मंडळावर माणसं कोण बसलेली आहेत त्यावर कामगार म्हणजे कोण हे ठरतं, आणि दर काही वर्षांनी ती माणसं बदलतात. माझा हर्नडनचा चालक कुठल्या व्याख्येत बसतो मला ठाऊक नाही. त्याच्या करारात काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. पण त्याच्यासाठी मेमोही नव्हता आणि खुलासाही नव्हता, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

आपल्याकडे हे वेगळं आहे असं समजायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटापासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा जो संप चालला त्याची मागणी काय होती? विलीनीकरण. आम्हाला महामंडळाचे नको, सरकारचे नोकर म्हणा. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, आमचा मालक कोण. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी चहाच्या आधी बातम्या लावायचे.

वडापचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एसटीवालीची मुलगी एकतर्फी बोलते. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींना वडाप माहीत आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी काळी-पिवळी समजावं. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती याला मर्यादा नाही. अण्णांच्या लेखी वडाप म्हणजे चोरटी वाहतूक, एसटीचा घास पळवणारी. कायद्याने त्यांचं म्हणणं बरोबर होतं, कारण सुट्या प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेऊन टप्प्याटप्प्याने वाहतूक करायला वेगळा परवाना लागतो आणि तो या जीपवाल्यांकडे नसायचा. पण शेवटची एसटी चुकली की अण्णा स्वतः, युनिफॉर्मवर शर्ट चढवून, वडापने घरी यायचे. जीपवाला त्यांना ओळखायचा, तरी पुढची सीट द्यायचा. वडापमध्ये मी कित्येकदा कुणाच्या तरी मांडीवर बसून गेले आहे. त्या जीपमध्ये बाजाराची पाटी घेतलेली म्हातारी चढली आणि जागा नसली तर काय व्हायचं? सगळे जरा जरा सरकायचे. मी त्या गैरसोयीचं कौतुक करत नाही. त्या जीप उलटायच्या आणि माणसं मरायची. सीटबेल्ट आणि एका सीटला एक माणूस हा नियम मला हवाच आहे. पण 'ही बाई पाहुणी आहे का' असं विचारायची सवय मला कराडमध्ये नव्हती. ती मी इथे शिकले, आणि चांगल्या शाळांत शिकले.

माझा एक मित्र, आपल्या मंचाचाच सभासद आहे, तो मला म्हणाला, तू उगाच स्वतःला दोष देतेस. त्या कुटुंबाचा हक्क होता. विमा पाहुण्यांपुरताच असेल, अपघात झाला असता तर चालकच गोत्यात आला असता. मला हे मान्य आहे. सीट त्या कुटुंबाचीच होती आणि ती बाई उतरली हे योग्यच झालं असेल. 'निघू या का' हे माझं वाक्य चांगलं नव्हतं, पण घाईत माणूस बोलतो. माझी अडचण त्या वाक्याची नाही, दोन तासांनंतरच्या त्या चौकटीची आहे. तिथे मला घाई नव्हती. पंचावन्न मिनिटं होती. आणि मी जे लिहिलं त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

इथे माझा धंदा मध्ये येतो, माफ करा. सत्तरच्या दशकापासून बांगलादेशात लाखो कूपनलिका बसवल्या गेल्या, तळ्यांच्या दूषित पाण्याने पोरं दगावत होती म्हणून. हेतू उत्तम होता. रोगजंतूंच्या दृष्टीने पाणी स्वच्छ होतं. आर्सेनिक मात्र कुणी तपासलं नाही, कारण तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत ते नव्हतंच. १९९३ साली ते उघड झालं, तोवर माणसं वर्षानुवर्षं ते पाणी पीत होती. मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला हेच सांगते : तक्त्यात जो रकाना नाही तो दोष तुम्हाला कधीच सापडणार नाही. त्या हॉटेलच्या फॉर्ममध्ये रकाने होते वक्तशीरपणा, स्वच्छता आणि चालकाची वागणूक. 'तीन हॉटेलांना पहाटे एक व्हॅन पुरते का?' असा रकाना नव्हता. शटल नऊ मिनिटं उशिरा आलं ते का, आणि चौघांना तीन सीटा का, याचं उत्तर त्याच प्रश्नात होतं. मी एका माणसाच्या नावावर लिहिलं, आणि तेही नावावर नाही, कारण नाव मला माहीत नव्हतं. 'चार पंधराचा चालक.'

याच गावात वीस वर्षांपूर्वी असाच एक वाद झाला होता. तुमच्यातल्या जुन्या रहिवाशांना तो माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल. एल्डन स्ट्रीटवरच्या सेव्हन-इलेव्हनपाशी सकाळी रोजंदारीवर जाणारे मजूर उभे राहायचे, बहुतेक मध्य अमेरिकेतले. आपल्याकडचा मजूर अड्डा म्हणा. रहिवाशांच्या तक्रारी येऊ लागल्या. ऑगस्ट २००५ मध्ये नगर परिषदेने या मजुरांसाठी रीतसर केंद्र काढायला मंजुरी दिली आणि डिसेंबरमध्ये ते सुरू झालं. चालवायला रेस्टन इंटरफेथ ही संस्था होती. बघता बघता हर्नडनचं नाव देशभरच्या बातम्यांत गेलं. मे २००६ च्या निवडणुकीत केंद्राच्या बाजूने असलेले नगराध्यक्ष मायकेल ओ'रायली आणि त्यांच्याबरोबर परिषदेचे दोन सदस्य पडले. नव्या परिषदेचा आग्रह होता की केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाचे कागद तपासावेत. दरम्यान रस्त्यावर मजूर घेण्याला मनाई करणारा गावाचा नियम न्यायालयाने घटनेविरुद्ध ठरवला, आणि सप्टेंबर २००७ मध्ये केंद्र बंद झालं. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत. घरं बांधायला, गवत कापायला, सामान हलवायला ती माणसं गावाला हवीच होती. त्यांनी कामाची वाट पाहत कुठे उभं राहायचं, एवढाच वाद होता. लाँड्रीतल्या त्या बाईच्या बाबतीत आम्ही बारा जणांनी तोच वाद दोन मिनिटांत मिटवला, मतदानसुद्धा न घेता.

आणखी एक छोटी गोष्ट सांगते, मला ती फार आवडली. हर्नडन हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते विल्यम लुइस हर्नडन हे नौदलाचे अधिकारी होते आणि 'सेंट्रल अमेरिका' नावाच्या आगबोटीचे कप्तान. सप्टेंबर १८५७ मध्ये कॅलिफोर्नियाचं सोनं आणि शेकडो प्रवासी घेऊन न्यूयॉर्कला येताना बोट वादळात सापडली. त्यांनी बायका-मुलांना दुसऱ्या जहाजावर पाठवलं आणि स्वतः बोटीबरोबर बुडाले. चारशेहून अधिक माणसं गेली. कप्तानाकडे जबाबदारी होती हे खरं, पण अधिकारही होता. कुणाला आधी उतरवायचं हे त्याने ठरवलं आणि लोकांनी ते ऐकलं. आमच्या चालकाकडे नुसती जबाबदारी.

अण्णा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मी त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. मला वाटलं रागावतील, किंवा माझी समजूत काढतील. ते म्हणाले, "बिल्ला नंबर काय त्याचा?" मी म्हटलं, अण्णा, इथे बिल्ला नसतो. "मग नाव?" नाव मला माहीत नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "मेमोची तारीख तरी?" त्यांच्या डोक्यात अजून मी आठवीतच होते आणि आम्ही खुलासा लिहायला बसलो होतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी पुन्हा हर्नडनला आले. मुद्दाम त्याच हॉटेलात उतरले. शटलवर एक तरुण मुलगा होता, गाडी नवी होती, वेळेवर आली. त्याला आधीच्या चालकाबद्दल विचारलं. तो म्हणाला, मी जूनपासून आहे, मला माहीत नाही. रिसेप्शनवरची ती मुलगी अजून तिथेच होती. तिने सांगितलं की लाँड्रीतल्या बाईंनी विमानतळावरची वेळ साडेपाचची करून घेतली आहे आणि त्या आता मेट्रोने जातात. अर्ध्या तासाचे पैसे बुडतात. चालकाचं तिलाही काही कळलेलं नव्हतं. माझ्या तक्रारीमुळेच तो गेला का? कदाचित नसेल. फेऱ्या बदलतात, माणसं काम सोडतात, ॲपवरची टॅक्सी चालवायला लागतात. मला ते कधी कळणार नाही, आणि कळवायला कुणी बांधीलही नाही.

त्या खेपेलाही फॉर्म आला. मी सगळ्या रकान्यांत पाच तारे दिले आणि चौकटीत लिहिलं : पहाटे चार ते सहा एक जादा व्हॅन ठेवा, आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना तिच्यात जागा द्या. त्याला आभाराचं उत्तर आलं. कारवाईचा उल्लेख नव्हता.

आपल्या मंचाच्या वतीने काही करता येईल का, असं संयोजकांनी मला विचारलं होतं. या भागातल्या किती कंपन्यांच्या बैठका या हॉटेलांत होतात आणि त्या बैठकांचं बुकिंग करणारे किती जण या सभागृहात बसलेले आहेत, हे तुम्हीच मोजा. दोनशे खोल्या घेणारा माणूस शटलच्या करारात काय आहे हे विचारू शकतो. मी एकटीने विचारून पाहिलं, मला कुणी दाखवला नाही.

मघाशी चहाच्या वेळी एक ताई मला म्हणाल्या की २००६ साली त्या मजूर केंद्रावर त्या इंग्रजी शिकवायला जात असत. हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं मी त्यांना देते. ताई, या.